तांडेलाचं शिसं

मुलुंडच्या अण्णा दाभोळकरांनी उभ्या आयुष्यात एक शब्द फुकट घालवला नाही. पस्तीस वर्षं तारघरात काढलेला माणूस. शब्दागणिक आकार पडतो हे हाडीमाशी इतकं मुरलेलं, की निवृत्त झाल्यावर ते घरातसुद्धा तारेतच बोलायचे. सकाळी उठले की "चहा. साखर कमी." आंघोळीला गेले की "पंचा." बाहेर पडताना "जातो. साडेसात." आता साडेसातला जातात की साडेसातला परत येतात, ते ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

आणि अशा माणसाच्या घरात सून आली ती मालन! देवगडकडची, तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. वारा, पाणी आणि दहा खलाशी, सगळ्यांना ओरडून ताळ्यावर ठेवणारा. बापाचा गळा लेकीने जसाच्या तसा उचलला होता. ती भाजी चिरताना भाजीशी बोलायची, स्टोव्ह पेटला नाही तर स्टोव्हची आई-बहीण काढायची, आणि बोलायला कुणीच नसलं तर दाराशी बोलायची. शेजारच्या सुलक्षणाबाई म्हणायच्या, "दाभोळकरांकडे झकास आहे बाई. सासरा तार नि सून रेडिओ."

मधुकरने हे लग्न स्वतःच्या मनाने, नोंदणी करून केलं होतं. अण्णा आले, सही केली, एक पेढा खाल्ला, घरी गेले. पुण्याच्या बहिणीला कार्ड टाकलं: 'मधुकरने लग्न केलं. मुलगी कोकणातली. बरी.' राग नव्हता, लोभही नव्हता. पण दोन वर्षांत त्यांनी मालनला नावाने एकदा हाक मारली असेल तर शपथ. कुणापाशी उल्लेख निघालाच तर 'मधुकरची बायको'. मालनला ते लागायचं. ती नवऱ्याला म्हणायची, "मी काय पोस्टातलं पार्सल आहे? तुमच्या नावावर येऊन पडलेलं?" मधुकर हसायचा. मग सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात कंपनीने त्यालाच सहा महिन्यांसाठी नागपूरला पाठवलं, आणि घरात उरली तार आणि रेडिओ.

हो, आणि उरली बोट.

निवृत्त झाल्यावर फोर्टातल्या फुटपाथवर अण्णांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात बिनतारी यंत्रणेने चालणाऱ्या छोट्या बोटीचा नकाशा होता. माणूस काठावर उभा, बोट पाण्यात, मधे काहीच नाही; इकडे खटका दाबला की तिकडे बोट वळते. तेव्हापासून दोन वर्षं अण्णा ओट्यावर बसून ती बोट बांधत होते. चहाच्या खोक्यांच्या फळ्या, लष्कराच्या भंगारातला रेडिओचा व्हॉल्व्ह, कुठल्याशा पंख्याची मोटर. तीन फूट लांब, पांढरीशुभ्र. हुकूम द्यायच्या पेटीला त्यांनी तारघरातून मोडीत निघालेला पितळी खटका जोडला होता, पस्तीस वर्षं बोटांखाली होता तसलाच. बोटीच्या पोटात पीळ दिलेलं रबर आणि एक चक्री. खटका दाबून धरला की सुकाणू उजवीकडे, सोडला की सरळ. पुन्हा दाबला की डावीकडे, सोडला की पुन्हा सरळ. एकदा उजवा, एकदा डावा, असा आलटून पालटून कारभार. रबराला पीळ चाळीस दाबांचे. ते संपले की सुकाणू मेलं.

मालन हे सगळं येता-जाता बघायची आणि नाक मुरडायची. बापाच्या गलबतावर वाढलेल्या पोरीला ही तीन फुटांची बाहुली कसली पटते?

एका रविवारी सकाळी अण्णा दारात उभे राहिले. "तळं. बॅटरी जड. ये."

खाचरांपलीकडे एक तळं होतं, अर्धं म्हशींचं, अर्धं शेवाळाचं. अण्णांनी बोट काठाला ठेवली, तारा जोडल्या. मालनला राहवेना.

"नारळ नाही वाढवायचा?"

"नाही."

"नाव?"

"नाही."

"बरं, पोटात भार काय घातलाय?"

"बॅटरी."

"ती तर वरच्या फळीवर आहे!"

अण्णांनी उत्तरादाखल मोटर सुरू केली. बोट निघाली. दहा हात गेली, पंधरा हात गेली, अण्णांनी खटका दाबला, बोट उजवीकडे वळली, वळता वळता कलली, आणि शहाण्या बाळासारखी कुशीवर निजून पालथी झाली. म्हशींनी सुद्धा मान वर करून बघितलं.

अण्णा काठावर खांबासारखे उभे. दोन वर्षांचं काम बुडबुडे काढत होतं. मालनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बोटीकडे, आणि म्हणाली, "गे बाय माझे!" पदर खोचला, निऱ्या आवळल्या, आणि सरळ पाण्यात शिरली. गुराख्याने तोंडात बोट घातलं. ती एका हाताने पाणी कापत गेली, दुसऱ्या हाताने बोट काखेत मारून परत आली आणि शेवाळासकट काठावर उभी राहिली.

"पोहतेस?" अण्णा म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तांडेलाची मुलगी पोहणार नाही तर काय क्रोशा विणणार? अण्णा, रागावू नका, पण एक वेळ नारळ नसला तरी चालेल, पोटात भार नसून चालायचं नाही. आमचा बापूस म्हणायचा, हलक्या गलबताक वारो खेळवता. माल उतरून रिकामं परत निघालं ना गलबत, की तळात दगड भरायचे. तेव्हा कुठे ते पाण्यात बसतं. तुमची बोट पाण्यावर बसलीच नाही. नुसती टेकली होती!"

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की काय, मालनला खात्री नव्हती.

आठवडाभर दोघांनी दगड घालून पाहिले. दगड घरंगळायचे, जागा फार खायचे. जडही हवं, छोटंही हवं, आणि अगदी तळाशी घट्ट बसलेलं हवं. शिसंच हवं, हे दोघांनाही कळत होतं. पण ते तोंडातून काढलं कुणीच नाही, कारण घरात शिसं होतं आणि ते कुठे आहे हेही दोघांना ठाऊक होतं.

ते मालनच्या खोलीच्या दाराशी होतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकवलेलं. पाच शेरांचा लांबोळा गोळा, वरच्या टोकाला दोरी ओवायचं भोक, बुडाला खोबण. तिच्या बापाचं पाण्याची खोली मोजायचं शिसं. खोबणीत चरबी भरून ते समुद्रात सोडायचं. वर ओढलं की तळाची वाळू चरबीला चिकटून यायची. बाप ती वाळू दोन बोटांत चुरडायचा आणि काळोखातसुद्धा सांगायचा, आपण कुठल्या बंदराजवळ आहोत. पुढे गलबत गेलं, धंदा गेला. लेकीच्या लग्नात त्याने तिच्या ओंजळीत हेच ठेवलं होतं. "सोन्याक पैसो नाय गो. ह्यां घे. खंयच्याय पाण्याचो तळ सांगता ह्यां." आणि वर्षाच्या आत तो गेला.

अण्णांनी त्या शिशाची अंधारात दोनदा ठेच खाल्ली होती. "दगड. काढ," असं म्हणालेही होते. तेव्हा मालन इतकी भांडली होती की सुलक्षणाबाई कढईत झारा टाकून ऐकायला आल्या होत्या.

तर त्या शनिवारी मालनने ते शिसं दारापासून उचललं, दोन्ही हातांनी, आणि ओट्यावर अण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

"नको," अण्णा म्हणाले.

"का नको?"

"वडिलांचं."

"वडलांचं आहे म्हणून तर देते. अण्णा, ते काय दाराला टेकून बसायला घडवलं होतं? मला रोज बघवत नाही हो ते. पाण्यात जाऊ दे बिचारं." एवढं बोलून ती आत गेली आणि नळ सोडून उगाच धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. रडायचं असलं की ती भांडी घासायची. तेवढं एकच काम ती मुक्याने करी.

दुसऱ्या दिवशी अंगणात शेगडी पेटवून त्यांनी ते शिसं लोखंडी कढईत वितळवलं. वाळूत खाच पाडून अण्णांनी चार शेरांची लांब पट्टी ओतली आणि ती बोटीच्या तळाला ठोकून बसवली. उरलेल्या एक शेराची थापटून वडीसारखी चपटी लादी झाली. ती गार झाल्यावर अण्णांनी मालनच्या हातात दिली. "उरलं. तुझं." मग स्वतःच आत गेले आणि देवापुढचा नारळ घेऊन आले. मालनचे डोळे विस्फारले. अण्णा गडबडीने म्हणाले, "खोबरं. चटणीला."

आता बोट पाण्यात अशी बसली की मालनने टाळ्या वाजवल्या. कलली तरी परत सरळ व्हायची. पण वळेना! म्हणजे वळायची, पण धड नाही. उजवीकडे जरा, डावीकडे जरा, पुन्हा उजवीकडे. शेपटी हलवत चालल्यासारखी. आणि तळ्याच्या मध्यावर पोचते न पोचते तोच रबराचे पीळ संपायचे आणि मालनला निऱ्या आवळाव्या लागायच्या. तीन रविवार असे गेले. अण्णा घरी येऊन बोट उघडायचे, चक्री तपासायचे, खटक्याचा हुकूम चक्रीला पोचवणारा रिले तपासायचे, तारा पुन्हा डाख लावून जोडायचे. यंत्रात काही खोट सापडत नव्हती.

खोट मालनला सापडली. चौथ्या रविवारी तिने बोटीकडे बघितलंच नाही, ती खटक्याकडे बघत होती. अण्णांचा उजवा हात खटक्यावर होता, आणि तो थरथरत होता. त्यांनी एकदा दाबलं की हात त्यात आपल्या मनाने दोन-तीनदा भर घालत होता. टक म्हणायचं तिथे टकटकटक.

आणि मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट लख्ख झाली. अण्णा हल्ली कप अर्धाच भरायला सांगतात ते का. वर्तमानपत्र मांडीवर ठेवून वाचतात ते का. मधुकरला महिन्याभरात एक पत्र गेलं नाही ते का. मेली मी, तिला वाटलं, एवढी बडबड करते आणि समोरच्या माणसाचा हात दिसला नाही मला!

"अण्णा," ती म्हणाली, आणि त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं.

अण्णांनी हात मागे घेतला, खिशात घातला. "आठ टिंबं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तारेत आखूड दाब म्हणजे टिंब, लांब दाब म्हणजे रेघ. चूक झाली की आठ टिंबं पाठवायची. ओळीने. समोरच्याला कळतं, मागचं खोडा. हा हात सकाळपासून तेच पाठवतो. चूक, चूक, चूक."

मालनने पाण्यात शिरून बोट काठाला आणली.

"डिसेंबरात पवईला क्लबाचा मेळा आहे. तलावात झेंडीचा बांबू रोवणार. त्याला वळसा घालून बोट परत आणायची. बोट जाईल. श्यामकांत चालवेल." श्यामकांत म्हणजे बोरीवलीचा एक तरुण, मॉडेलवाल्यांच्या क्लबातला, हाताचा पक्का. मग अण्णा जे बोलले ते मालनने त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं होतं. "पस्तीस वर्षं खटका दाबला. कुणाचं बाळ झालं, कुणाचा बाप गेला, सगळं या बोटांतून गेलं. पण पलीकडे काय हललं ते कधी दिसलं नाही. वाटलं होतं एकदा इथे दाबावं, आणि तिथे हललेलं आपल्या डोळ्यांनी बघावं. हात जायच्या आधी. राहिलं."

त्या दिवशी मालन घरी येऊन दोन वेळा भांडी घासून बसली. तिला श्यामकांतचा राग आला, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. तिला बोटीचा राग आला. बापाचं शिसं आपण वितळवलं ते काय बोरीवलीच्या पोराने मिरवावं म्हणून?

दोन दिवसांनी नळ गेला, आणि अण्णा विहिरीवरून पाणी आणायला गेले. मालन ओट्यावर तांदूळ निवडत होती. अण्णा कडीची कळशी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हातात रिकामी कळशी कडीशी खडखड वाजत होती. पाच मिनिटांनी परत आले. भरलेली कळशी उजव्या हातात. आणि आवाज नाही! पाणी काठोकाठ, आणि एक थेंब सांडत नव्हता.

मालनच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "अण्णा, थांबा!" ती ओरडली. अण्णा दचकून थांबले. "खाली ठेवा. आता उचला. आता ओता पाणी. ओता म्हणते ना! आता रिकामी उचला."

रिकामी कळशी खडखडली.

"हलक्या गलबताक वारो खेळवता," मालन म्हणाली आणि तांदूळ तसेच टाकून आत पळाली.

अण्णांच्या जुन्या खाकी कोटाचा खिसा तिने उसवला. त्यात ती शेरभर शिशाची लादी घातली, चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली, दोन्हीकडे नाड्या लावल्या आणि ती वळकटी संध्याकाळी चहाबरोबर अण्णांच्या पुढे ठेवली. कप काठोकाठ भरलेला होता.

"हे काय?"

"हाताचा भार. बोटीला घातला तसा. हात पुढे करा. लाजू नका, मी काय नजर काढत नाहीये तुमची."

तिने त्यांच्या मनगटावर ती खाकी वळकटी बांधली. अण्णांनी कप उचलला. हात जड होऊन हळूहळू वर गेला, थोडा हलला, पण कप वाजला नाही. अण्णा पूर्ण कप प्यायले. रिकामा कप त्यांनी बशीत ठेवला, आणि मग कितीतरी वेळ त्या वळकटीवरून डावा हात फिरवत बसले.

मग रोज सराव. हात पाच-सात मिनिटं टिकायचा, मग भाराने दमायचा, आणि दमला की थरथर दामदुप्पट परत यायची. पण पाच-सात मिनिटं बोट कशी चालायची! अण्णा तळ्यावर तिला नुसती वळवायचे. म्हशींना वळसा, बगळ्याला वळसा. मालन काठावरून बापाच्या आवाजात ओरडायची, "आता वारा कुशीत येतोय, आता नको! आता घ्या!" आणि अण्णा घ्यायचे.

"झेंडी जाऊन-येऊन सहा मिनिटं," अण्णा हिशेब करून म्हणाले.

"म्हणजे जमतंय."

"जेमतेम."

मेळ्याच्या दिवशी श्यामकांत त्याच्या कंपनीची जीप घेऊन मुलुंडला आला. वाटेत तो म्हणाला, "अण्णा, बुडली तर काढायला मी जाणार नाही हां. पवईला मगरी आहेत." मालन म्हणाली, "मगरींना सांगा, दाभोळकरांची सून आलीय. त्या बाजूला होतील."

तलावाकाठी पंचवीस-तीस माणसं जमली होती. कुणाची बोट डिझेलवर फटफटणारी, कुणाची विलायती रंग दिलेली. बांबूवर लाल झेंडी फडफडत होती. उजव्या हाताला पाण्यावर वेलींचं दाट जाळं, त्यात अडकलं की गेलं. डोंगराकडून झुळुका येत होत्या, मधेच जोरात, मधेच काही नाही. मालनने गाल वाऱ्याला धरून पाहिला. तिला ते लक्षण आवडलं नाही.

अण्णांची पाळी आली. खाकी वळकटी बघून एकाने विचारलं, "हाताला काय लागलं काय, अण्णा?" अण्णा म्हणाले, "भार." तो समजल्यासारखी मान हलवून बाजूला झाला.

बोट निघाली. पांढरीशुभ्र, पाण्यात नीट बसलेली. अण्णांनी पहिला दाब दिला, उजवीकडे, सोडला. सरळ. दुसरा, डावीकडे, सोडला. सरळ. हात दगडासारखा. बोट झेंडीपाशी पोचली, वळसा घातला, असा सुरेख की काठावरून वाहवा उठली. मालनने देवगडच्या सगळ्या देवांना एका दमात हाका मारल्या.

परतीच्या वाटेवर वारा सुटला. काठाकडे तोंड केलेली बोट तिच्या डावीकडे, वेलींच्या बाजूला ढकलली जायला लागली. अण्णांनी सावरली. पुन्हा ढकलली, पुन्हा सावरली. सहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मालनने पाहिलं, अण्णांच्या दंडाची शीर ताठली होती आणि हात खांद्यापासून दमत चालला होता. आणि मग तो सुटला. टकटकटकटक करत खटका वाजायला लागला, बोट शेपटी हलवायला लागली, आणि वेली उरल्या वीस हातांवर.

"संपलं," अण्णा म्हणाले. हात त्यांनी छातीशी ओढून घेतला. "पीळ चारेक असतील. नसतीलही. श्यामकांत—"

श्यामकांत पुढे आला. मालन मधे उभी राहिली. श्यामकांतला तिने हाताने थोपवलं, अण्णांना मात्र हात लावला नाही.

"थांब रे जरा. अण्णा, माझ्याकडे बघा. सुकाणू आत्ता सरळ आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे. काही करू नका. हात खाली सोडा, विसावू दे त्याला."

"वेली."

"दिसतायत मला. आत्ता वळवलीत तर वारा कुशीत घेईल आणि आडवी जाईल. झुळूक पडू द्या. आमचा बापूस म्हणायचा, सुकाणू धरूक सगळ्यांक येता, सोडूक तांडेलाक येता."

अण्णांनी हात खाली सोडला. तीस माणसं श्वास धरून उभी. वेली पंधरा हातांवर, बारा हातांवर. अण्णांचे ओठ हलत होते. मालनला वाटलं, देवाचं नाव घेतायत. पण अण्णा मोजत होते.

"आठ," ते एकदम म्हणाले.

"काय आठ?"

"हात आठदा हलला. कानाने मोजले. आठ टिंबं." त्यांचा चेहरा उजळला. "हात सुटला तेव्हा पाळी उजव्याची होती. आठ म्हणजे जोडीत. चक्री फिरून जिथल्या तिथे आली. पुढचा दाब उजवा!"

"उजवाच हवाय! पण थांबा," मालनने गाल वाऱ्याला धरला. वारा लागत होता. अजून लागत होता. वेली दहा हातांवर. मग गालावरचा गारवा अलगद गेला.

"आता, अण्णा!"

अण्णांनी तो शेरभर शिशाचा हात उचलला आणि खटक्यावर ठेवला. दाबला. दाबून धरला. एक, दोन, तीन, चार. एकच लांब रेघ, कुठे तुटली नाही. बोटीने वेलींना नाक लावता लावता तोंड फिरवलं, उजवीकडे, अजून उजवीकडे, काठाकडे. अण्णांनी खटका सोडला. बोट सरळ आली, थेट, आणि अण्णांच्या चपलांपाशी चिखलात नाक खुपसून थांबली.

लोक काय ओरडले ते मालनला ऐकूच आलं नाही. ती भांडी नसताना, सगळ्यांच्या देखत, हमसून हमसून रडत होती. अण्णा वाकले. बोटीच्या टपावर त्यांनी हात ठेवला. "पोचली," ते म्हणाले. मग उठले, आणि तोच हात, वळकटीसकट, मालनच्या डोक्यावर ठेवला. चांगलाच जड होता. पण हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात उभे राहिले. "पोस्ट. मधुकरला तार. ये."

मुलुंडच्या पोस्टात तारेच्या खिडकीवर चंद्रप्रकाश नावाचा मुलगा होता. तार कशी आखडायची हे त्याला तारघरात असताना अण्णांनीच शिकवलेलं. हल्ली देवनागरीतूनही तार जायची. अण्णांनी फॉर्म पुढे केला. अक्षर वाकडंतिकडं होतं, वळकटी घरीच राहिली होती. चंद्रप्रकाशने मोठ्याने वाचलं. 'बोट गेली. परत आली. हात माझा. भार आपल्या मालनचा. अण्णा.'

मालनने एकदम मान वळवून खिडकीबाहेरच्या टपालपेटीकडे बघायला सुरुवात केली.

चंद्रप्रकाशने गुरूसमोर हुशारी दाखवायची म्हणून पेन्सिल उचलली. "अण्णा, एक शब्द जास्त होतोय. 'आपल्या' काढू का? मधुकरला कळेलच कुठली मालन ते."

अण्णांनी फॉर्मकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत त्यांनी असे हजारो शब्द काढून टाकले असतील.

"'बोट' काढ," ते म्हणाले. "'हात' काढ. 'परत आली' काढ. तेवढा ठेव."

चंद्रप्रकाशने काहीच काढलं नाही. पावती फाडून दिली.

पोस्टातून घर पाव मैल. मालनला बोलायला एक शब्द फुटेना. पदराचं टोक तोंडाशी धरून ती चालत राहिली. आणि अण्णा बोलत होते. पुढच्या बोटीला शीड लावायचं का, देवगडला गलबताचं सुकाणू कुठल्या लाकडाचं करतात, तिचा बाप वाळू नक्की कुठल्या दोन बोटांत चुरडायचा, सगळा रस्ता अण्णाच बोलत होते.